बॉयलरचं प्रेशर सारखं उतरतंय, गळती कुठेच सापडत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, डोकं पार बधीर झालंय म्हणून इथे विचारतेय. घरी सेंट्रल हीटिंगचा कॉम्बी बॉयलर आहे, नळाचं गरम पाणी आणि खोल्या तापवणारे रेडिएटर दोन्ही त्याच्यावरच, वय असेल नऊ-दहा वर्षं. गेले तीन आठवडे दर दोन दिवसांनी प्रेशर ०.५ बारच्या खाली जातं, बॉयलर बंद पडतो आणि स्क्रीनवर कमी प्रेशरचा कोड येतो. मग मी खाली वाकून फिलिंग लूप (नळाचं पाणी हीटिंगमध्ये भरायची जोडणी) उघडायचा, काटा १.३ वर आणायचा, दोन दिवस बरे जातात आणि परत ये रे माझ्या मागल्या.

गळती शोधायचं म्हणून सगळ्या रेडिएटरच्या व्हॉल्व्हना टिश्यू पेपर गुंडाळून ठेवला होता (घर अगदी बँडेज केल्यासारखं दिसत होतं). एका व्हॉल्व्हच्या नटाखाली हिरवट-पांढरा थर दिसला, म्हटलं सापडला चोर, नट पाव फेरा आवळला, तिथला टिश्यू आता कोरडा असतो पण काट्याला काही फरक नाही. छताला डाग नाही, भिंतीला ओल नाही. नवऱ्याचं म्हणणं जमिनीखालचा पाइप गेलाय आणि फरशी फोडावी लागणार. मला फोडायच्या आधी चार लोकांना विचारायचंय.

अजून एक, म्हणजे महत्त्वाचं आहे की नाही माहीत नाही. सकाळी सगळं थंड असताना काटा ०.८ ला असतो आणि हीटिंग लावून पाऊण तासाने बघितलं तर २.८ च्या पुढे, परवा तर लाल पट्ट्यात गेला होता. गरम झालं की वाढणारच ना, म्हणून मी लक्ष दिलं नाही. आणि हे सारखं वरून पाणी भरल्याने काही नुकसान होतं का?

प्रतिसाद:

अहो ताई, तुम्ही शेवटी जे "महत्त्वाचं आहे की नाही" म्हणून टाकलंय ना तेच महत्त्वाचं, फरशीला हात लावू नका. पाइप फुटला असता तर काटा नुसता खाली गेला असता, तापल्यावर एवढा वर चढला नसता. थंड असताना १ ते १.५ आणि तापल्यावर २ च्या आसपास, असं असायला हवं.

होतं काय, पाणी १० अंशांवरून ८० अंशांवर गेलं की साधारण ३ टक्के फुगतं. घरात फिरणारं पाणी १०० लिटर धरलं तर जवळजवळ ३ लिटर जास्तीचं, आणि पाणी काही दाबलं जात नाही, त्याला जायला जागा लागते. ती जागा म्हणजे एक्स्पान्शन व्हेसल. एक बंद डबा, मधे रबरी पडदा, एकीकडे हीटिंगचं पाणी आणि दुसरीकडे हवा. ती हवा वर्षानुवर्षं थोडी थोडी झिरपत जाते किंवा पडदाच फाटतो, मग फुगलेल्या पाण्याला जागा उरत नाही, काटा ३ बारला भिडतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाणी बाहेर टाकतो. घर थंड झालं की तेवढं पाणी कमी, म्हणून सकाळी काटा खाली. तुम्ही भरताय आणि तो ओततोय, एवढाच खेळ चाललाय.

खात्री करायची तर सेफ्टी व्हॉल्व्हचं पाणी बाहेर टाकायला बॉयलरपासून भिंतीबाहेर एक तांब्याचा बारीक पाइप गेलेला असतो, त्याच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी रबर बँडने सैल अडकवा आणि सकाळी बघा. सैलच हं, तोंड बंद नाही करायचं, आणि हीटिंग चालू असताना तिथे हात धरू नका, उकळतं पाणी येऊ शकतं. पिशवी कोरडी निघाली तरच पुढचं बघू: बॉयलर बंद करून त्याच्याखालचे हीटिंगचे दोन व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवायचे, तरी काटा उतरला तर दोष बॉयलरच्या आत, नाही उतरला तर पाइप नाहीतर रेडिएटर.

प्रतिसाद:

वरच्यांशी सहमत. फक्त कव्हर स्वतः उघडू नका, गॅसचं काम करायचं लायसन्स असलेल्यालाच बोलवा. आणि हो, नुकसान होतं. प्रत्येक वेळी ताज्या पाण्याबरोबर ऑक्सिजन आत जातो, रेडिएटर आतून गंजतात, आणि गंज लागू नये म्हणून घातलेलं इनहिबिटर पातळ होत जातं.

धागाकर्ती:

पिशवीत सकाळी तांब्याभर काळपट पाणी!! नवरा बघून गप्प.

काल टेक्निशियन येऊन गेला. व्हेसलला गाडीच्या टायरला असतो तसला व्हॉल्व्ह असतो, त्याची पिन त्याने दाबली तर हवेऐवजी पाण्याची चिळकांडी उडाली, म्हणजे पडदाच फाटलाय, नुसती हवा भरून भागणार नाही म्हणाला. आतला व्हेसल काढायला अख्खा बॉयलर भिंतीवरून उतरवावा लागला असता, म्हणून बाहेरच, रेडिएटरकडून बॉयलरकडे येणाऱ्या परतीच्या पाइपवर नवीन बसवला. सेफ्टी व्हॉल्व्हही बदलला, कारण इतक्या वेळा उघडून त्याच्यात कचरा अडकला होता, थंड असतानाही ठिबकत होता. आता थंड असताना १.२ आणि तापल्यावर १.६. तरी सवयीने तासातासाला काटा बघून येतेय. जुना व्हेसल आत तसाच आहे, चालतं ना?

प्रतिसाद:

चालतं, बऱ्याच ठिकाणी तसाच ठेवतात. इनहिबिटर घालून घेतलंत का?

धागाकर्ती:

अरे देवा, नाही. करते त्याला फोन.