मदत हवी आहे: तीन मजली ऑफिसला नेटवर्कचा एकच रॅक पुरेल का?

नवे_ऑफिस:
पुण्याजवळ तीन मजली ऑफिसचं काम चालू आहे, तीन आठवड्यांत फॉल्स सीलिंग बंद होईल. मजला 60 बाय 25 मीटर. दर मजल्यावर 36 टेबलं (प्रत्येकी दोन पॉइंट), 4 वायफाय ॲक्सेस पॉइंट, 5 कॅमेरे. म्हणजे 81, एकूण 243 पॉइंट. कंत्राटदार म्हणतो, तळमजल्याच्या कोपऱ्यात एकच रॅक (स्विच आणि केबली जोडायचं कपाट), सगळीकडे कॅट सिक्स (तांब्याची नेटवर्क केबल), तिच्या 30 पेट्या. मागे 140 मीटरवर गोदाम आहे, तिथेही हीच केबल, मध्ये एक स्विच लावून. यात काय बदलून मागू?

तांबं_तार:
एक रॅक चालणार नाही. पॅच पॅनलपासून (रॅकमधली केबली जोडायची पट्टी) भिंतीवरच्या सॉकेटपर्यंत 90 मीटरची मर्यादा आहे, आणि ती केबल ज्या वाटेने जाते त्या वाटेची मोजायची. ट्रे भिंतीच्या कडेने जाणार, म्हणजे कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत 85 मीटर. चढ-उतार धरले की तळमजल्यावरच 90 ओलांडले. वरचे दोन मजले तर आणखी लांब.

प्रत्येक मजल्यावर मधोमध, शाफ्टजवळ (केबली वरखाली नेण्याची उभी पोकळी) रॅक घ्या. पेट्यांचा हिशेबही बदलतो. कोपऱ्यातल्या रॅकपासून सरासरी 50 मीटर पडतात, 305 मीटरच्या पेटीतून सहाच केबली निघतात: 41 पेट्या. मधोमध रॅक असेल तर सरासरी 30, पेटीतून दहा: 25 पेट्या. त्या 30 पेट्या कुठल्या हिशेबाने आल्या, हे त्यांना नक्की विचारा. मजल्यांमधल्या जोडणीला 12 कोअर सिंगल मोड फायबर (प्रकाशावर चालणारी, लांब अंतराची काचेची केबल), आणि शाफ्टमधली भोकं अग्निरोधक मालाने बंद.

25 मिमी पाइपात कॅट सिक्सच्या पाचच केबली. जास्त कोंबल्या तर ओढताना ताण बसून आतल्या तारांच्या जोड्यांचे पीळ बिघडतात. केबल दिसते धड, पण टेस्टमध्ये नापास होते.

नवे_ऑफिस:
धन्यवाद. टेबलांवर आयपी फोनही येणार आहेत. दर मजल्याला 370 वॉटचा पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा) पुरेल?

रॅक_युनिट:
नाही पुरणार. ॲक्सेस पॉइंट 4 गुणिले 30, कॅमेरे 5 गुणिले 15.4, मिळून 197 वॉट. फोन प्रत्येकी 7 धरले तर 252. बेरीज 449. दोन स्विचवर वाटून घ्या, आणि यूपीएसही त्याच हिशेबाने.

पीओईमुळेच केबल पूर्ण तांब्याची हवी. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमचा रोध सुमारे दीडपट असतो. तार तापते, लांबच्या कॅमेऱ्याला वीज कमी पडते. पेटी उघडल्यावर तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी दिसली तर परत पाठवा.

गोदामाला फक्त फायबर. मधल्या स्विचने अंतर सुटेल, पण दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं, आणि वळवाच्या विजांमध्ये तांब्याची तार दोन्हीकडचे पोर्ट जाळते. धातू नसलेली फायबर एचडीपीई (टणक प्लास्टिकच्या) पाइपातून टाका, शेजारी एक रिकामा पाइप दोरीसकट.

तांबं_तार:
आणि कामाच्या ऑर्डरमध्ये आजच लिहा: प्रत्येक पॉइंटचा कॅट सिक्स पर्मनंट लिंक (पॅनलपासून सॉकेटपर्यंतच्या पक्क्या केबलचा) टेस्ट रिपोर्ट. दिवे लागणारा साधा टेस्टर तारांचा क्रमच सांगतो. जोड्या चुकून फुटल्या (एका जोडीतली तार दुसरीच्या तारेशी जुळली) असतील तरी सगळे दिवे लागतात. टेस्टिंग सीलिंग बंद होण्याआधी, शेवटचे 15 टक्के पैसे रिपोर्ट हातात आल्यावर.