बाबांना थिएटरात कुठला पिक्चर दाखवू? दशावतार की साबर बोंडं?

नौपाडेकर:
मंडळी सल्ला हवाय. बाबा 74 वर्षांचे, मूळ कुडाळकडचे, कोविडच्या आधी कधीतरी थिएटरात गेले होते त्यानंतर नाहीच, घरी टीव्हीवर जे लागेल ते बघतात आणि अर्ध्यात डोळा लागतो. ह्या रविवारी न्यायचंच असं ठरवलंय. दशावतारबद्दल सगळे बोलतायत पण ऑफिसात एकजण म्हणाला सेकंड हाफ लांबलाय. साबर बोंडं पण लागलाय. तुम्ही अलीकडे काय बघितलंत, कसं वाटलं सांगा ना. ठाण्यातच हवं, गुडघ्यांमुळे लांबचा प्रवास नको.

कळव्याची मालवणी:
दशावतारच दाखवा, आपल्या कोकणात जत्रेत रात्रभर चालणाऱ्या दशावतारी नाटकातल्या कलाकाराचाच पिक्चर आहे, बाबा कुडाळचे आहेत म्हणताय मग विचार कसला करताय! मी आईला घेऊन गेलेले. दिलीप प्रभावळकर ऐंशीच्या पुढचे आहेत ओ, आणि डोळ्यांनी दिसेनासं झालेला तो बाबुली, मुलगा सोड म्हणतोय तरी रंगभूमी सुटत नाही त्याची, ते काय केलंय त्यांनी! आमच्या गावी जत्रेत देवळाच्या मागे एक पिवळा बल्ब लावलेला असायचा, तिथे पेटाऱ्याला आरसा टेकवून कलाकार स्वतःच स्वतःचं तोंड रंगवत बसायचे, आम्ही पोरं बाजूला उभी, कोणी आमच्याशी बोलायचं नाही, आणि मग तोच माणूस राजा होऊन आला की लिहिलेलं एक वाक्य हातात नसताना पहाटेपर्यंत बोलत राहायचा. पिक्चर बघताना तो बल्बच डोळ्यासमोर होता माझ्या. आई तर पडद्याशी बोलायला लागली, "आता हेका कोण सांगतला" म्हणून. रुमाल न्या.

ऐरोलीहून:
फर्स्ट हाफला शंभर टक्के सहमत. पण खाणीचा विषय आल्यावर पिक्चर बदल्याच्या गोष्टीकडे वळतो आणि तिथे माझं मन थोडं उडालं, आवाज पण खूप मोठा. विषय खरा आहे, कोकणातल्या माणसाला लागणारच, फक्त बापलेकाचं जे जमलं होतं ते मला अजून हवं होतं.
मला विचाराल तर साबर बोंडं. वाशीला बघितला, आम्ही मोजून नऊ जण होतो. मुंबईतला मुलगा वडिलांच्या दहा दिवसांसाठी गावी जातो, नातेवाईक लग्नाचं काढत राहतात, आणि तिथे लहानपणीचा मित्र भेटतो. दोन पुरुषांमधलं प्रेम आहे, पण इतकं हळुवार की कुठे अवघडल्यासारखं होत नाही. बॅकग्राउंड म्युझिक नाहीच, त्यामुळे त्या घरातली शांतता अंगावर येते. माझे वडील दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हा पडवीत सतरंजीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना तेच तेच सांगत बसलेलो मी, ते सगळं परत आठवलं. रोहन कानवडेचा हा पहिलाच मोठा पिक्चर आणि 2025 ला अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला ग्रँड ज्युरी प्राइज मिळालंय, एका मराठी पिक्चरला! आपण नाही बघायचा तर कोणी बघायचा? पण बाबांना झोप लागत असेल तर हा एकट्याने बघा.

घोडबंदर रोड:
शोचं टायमिंग आधी बघून घ्या. आमच्या जवळच्या मल्टिप्लेक्सला मागच्या आठवड्यात एका मराठी पिक्चरचे दोनच शो, एक सकाळी 9 चा आणि एक रात्री पावणेअकराचा. म्हाताऱ्या माणसांनी जायचं कधी? 2015 ला सरकारने दुपारी 12 ते रात्री 9 मध्ये मराठी शो ठेवायचं ठरवलं होतं ना, मग असं का होतं, फार राग येतो ह्याचा. दुपारचा शो दिसला की लगेच बुक करा, आणि मधल्या रांगेत कडेची सीट घ्या, पाय लांब करता येतात.

नौपाडेकर:
जाऊन आलो, दशावतार, दुपारचा शो मिळाला. बाबांना प्रभावळकर म्हणजे अजून दूरदर्शनवरचे चिमणरावच, त्यामुळे पहिली दहा मिनिटं "हो तोच ना रे?" चालू होतं, मग एकदम गप्प. इंटरव्हलला चहा पण नको म्हणाले. सेकंड हाफला आवाजाने दोनदा कानावर हात ठेवला, ऐरोलीवाले म्हणाले ते खरंय, पण झोपले नाहीत, एक मिनिट नाही. रिक्षात बसल्यावर गावच्या जत्रेत स्त्रीपार्ट करायचा त्या माणसाचं सांगत होते, दिवसा शेतात नांगर धरायचा तो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. घरी आल्या आल्या काकांना फोन लावून यंदा जत्रा कधी ते विचारलं.
साबर बोंडं ठाण्यात पुढच्या आठवड्यात कुठे चालू राहणार असेल तर टाका इथे, तो बघायचाच आहे.