मदत हवी आहे: ऊसतोडीच्या फडासाठी रक्तस्राव थांबवायच्या पेट्या करतोय, प्रेशर ड्रेसिंग कुठलं घ्यावं आणि साठा कसा टिकवावा?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव वारणेकाठी. ऊस आणि दूध यावरच सगळं चालतं. हंगाम सुरू झाला की बीडकडच्या चार-पाच टोळ्या येतात, ओढ्याकडेला कोप्या (पाचटाच्या झोपड्या) पडतात आणि मार्चपर्यंत शिवारात कोयते चालू असतात. गावातलं दूध संकलन केंद्र मी बघतो. दोन वर्षांपूर्वी तरुण मंडळाच्या शिल्लक वर्गणीतून आम्ही केंद्रावर एक प्रथमोपचार पेटी ठेवली होती.

गेल्या जानेवारीत पहाटे एका तोडकरी ताईंच्या पोटरीला कोयता लागला. पाल्यावर दव होतं, पाय सरकला. फड केंद्राच्या मागेच, म्हणून त्यांचा पोरगा धावत माझ्याकडे आला. मी पेटी घेऊन पळालो. तिथे जाऊन उघडली तर क्रेप बँडेज होतं, पण कोणाचा तरी मुरगळलेला घोटा बांधून, धुऊन परत आलेलं. ताण उरलेलाच नव्हता, ओढलं तर नुसतं लांबत गेलं. गॉजचं पाकीट उंदरानं कुरतडलेलं. चिकटपट्टीचा डिंक पातळ होऊन झाकणाला लागलेला. कापसाचा गठ्ठा मात्र शाबूत होता. मी तोच जखमेवर ठेवला. मिनिटभरात त्याचा लगदा झाला, तंतू जखमेत अडकले आणि रक्त बाजूनं वाहतच राहिलं. शेवटी त्यांच्या नवऱ्यानं डोक्याचा टॉवेल सोडून घडी घातली आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. त्याच्या हातांवर माझे हात. जरा सैल केलं की बोटांमधून गरम रक्त यायचं. १०८ ची गाडी यायला ३५ मिनिटं लागली, तेवढा वेळ आम्ही दोघे तसेच बसून होतो.

ताई वाचल्या. पण उरलेला हंगाम कोपीत गेला. उचल (आगाऊ रक्कम) पूर्ण कोयत्याची, म्हणजे नवरा-बायको दोघांच्या कामाची घेतलेली आणि काम अर्ध्या कोयत्याचं, एकट्या माणसाचं, म्हणजे त्या घराचं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको.

पेटी माझ्या ताब्यात होती. ती दर महिन्याला उघडून बघायची जबाबदारी माझीच होती, ते माझ्याकडून झालं नाही, हे मनातून जात नाही. या वर्षी मंडळानं १८,००० रुपये दिलेत. पाच पेट्या करायच्या आहेत: एक केंद्रावर, एक जिथे सामायिक कडबाकुट्टी आहे त्या गोठ्यात, आणि तीन टोळ्यांच्या ट्रॅक्टरवर.

माझ्या अडचणी अशा आहेत. ऑनलाइन बघितलं तर इस्रायली बँडेज म्हणून व्हॅक्यूम पॅक पाकीट मिळतं, १० सेंमी आणि १५ सेंमी रुंदीचं. क्रेप आणि गॉजच्या तुलनेत खूपच महाग. सगळ्या पेट्यांत दोन-दोन ठेवले तर बाकी कशाला पैसे उरणार नाहीत. मग मेडिकलमधलं क्रेप, गॉज आणि गामजी पॅड यांच्यावर भागेल का? रक्त थांबवायच्या औषधी गॉजचा खर्च करावा का? टूर्निकेट, म्हणजे दांडी पिळून हात-पाय आवळायचा पट्टा, ठेवावं की ठेवू नये? गावातली दोन जाणती माणसं म्हणतात, पाय कापावा लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये उन्हात सामान किती टिकतं, आणि किरकोळ खरचटण्याला पेटी रिकामी होऊ नये म्हणून काय करावं?

ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी लिहावं ही विनंती.

प्रतिसाद १

दादा, मी सरकारी रुग्णालयात तातडीच्या विभागात सिस्टर आहे. कडबाकुट्टी आणि कोयता, दोन्हीचे पेशंट आमच्याकडे दर हंगामात येतात. तुम्ही दोघांनी ३५ मिनिटं हात काढला नाही म्हणून त्या ताई आमच्यासारख्यांच्या हाताला जिवंत लागल्या. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि मोठी धमनी कापली तर काही मिनिटांत सगळं संपतं. टॉवेल स्वच्छ नव्हता याचा विचार करत बसू नका, जंतुसंसर्गावर नंतर औषध देता येतं. मात्र हळद, चहा पावडर किंवा जाळलेल्या कापसाची राख भरलेली जखम आली की आमचा अर्धा वेळ ती धुण्यात जातो. एवढं टोळ्यांना नक्की सांगा.

कापूस थेट जखमेवर कधीच नको. गामजी म्हणजे गॉजमध्ये गुंडाळलेला कापूस, म्हणून तो चालतो, तंतू सुटत नाहीत.

इस्रायली बँडेज चांगलंच आहे. त्यात पॅड, इलॅस्टिक पट्टी आणि दाब देणारी प्लॅस्टिकची कडी एकाच तुकड्यात असते. पॅड जखमेवर ठेवायचं, एक वेढा घेऊन पट्टी कडीत अडकवायची, ओढायची आणि उलट्या दिशेनं फिरवायची. मग कडी नेमकी जखमेवर दाबली जाते. म्हणजे मुद्दा दाब एका जागी आणण्याचा आहे, आणि तो साध्या सामानातही साधतो. जखमेवर गामजी पॅड ठेवा, त्यावर न उलगडलेला गॉजचा घट्ट रोल बरोबर जखमेच्या रेषेवर, आणि त्यावरून १५ सेंमीचं क्रेप ताणून बांधा. रोलवरून जाताना क्रेपला प्रत्येक वेढ्यात एक पीळ द्या. पीळ रोलवर बसतो आणि दाब तिथेच पडतो. साधं रोलर बँडेज यासाठी घेऊ नका, त्याला ताण नसतो, पायाची हालचाल झाली की सैल पडतं.

बांधल्यावर नखं बघा. निळी पडली, बोटं बधिर झाली तर पट्टी जरा सैल करून पुन्हा बांधा. वरून रक्त झिरपायला लागलं तर पट्ट्यांवर पट्ट्या चढवत बसू नका, दाब चुकीच्या जागी पडलाय असं समजा आणि पुन्हा नेमका द्या.

खोल जखमेत, विशेषतः जांघ आणि काखेत, नुसती पट्टी पुरत नाही. तिथे गॉज बोटानं तळापर्यंत ठासून भरायचा आणि वरून दाबून धरायचं. छातीत किंवा पोटात मात्र काही ठासायचं नाही. म्हणून पेटीत गॉजचं प्रमाण भरपूर ठेवा.

कडबाकुट्टीत बोट तुटलं तर ते ओलसर गॉजमध्ये गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फावर. बोट थेट बर्फात टाकलं तर ते जोडण्याच्या कामाचं राहत नाही.

प्रतिसाद २

टूर्निकेटबद्दल बोलतो. मी १७ वर्षं फौजेत होतो. आमच्या प्रत्येकाच्या खिशात फील्ड ड्रेसिंग असायचं आणि ते स्वतःसाठी असायचं, दुसऱ्याला मदत करतानाही आधी त्याच्याच खिशातलं काढायचं. हा नियम तुमच्या ट्रॅक्टरलाही लागू करा: ज्या टोळीची पेटी, ती त्या टोळीजवळच राहिली पाहिजे, मुकादमाच्या मोटारसायकलच्या डिकीत नाही.

पाय कापावा लागतो ही भीती जुनी आहे. दोन-तीन तास अडकून पडलात तर गोष्ट वेगळी, पण १०८ येईपर्यंतच्या वेळात टूर्निकेटनं पाय जात नाही, रक्त गेल्यानं माणूस जातो. अमेरिकेत २०१५ मध्ये ‘स्टॉप द ब्लीड’ मोहीम सुरू झाली, त्यात सामान्य लोकांना तीनच गोष्टी शिकवतात: हातानं दाब, गॉज ठासणं आणि टूर्निकेट. जखमेच्या वर दोन-तीन इंच, गुडघ्यावर किंवा कोपरावर नाही, रक्त थांबेपर्यंत दांडी पिळायची आणि वेळ लिहायची. एकदा लावलं की ते डॉक्टरनंच काढायचं, मध्येच सैल करून बघायचं नाही. नायलॉनची दोरी किंवा वायर हे टूर्निकेट नव्हे, त्याला रुंद पट्टा लागतो.

स्वस्तातली नक्कल घेऊ नका. दांडी पिळताना वाकते किंवा तुटते. पाचही पेट्यांत परवडत नसेल तर आधी कडबाकुट्टीच्या गोठ्यात एक चांगलं ठेवा. तिथे हात सापडतो तेव्हा पट्टी बांधण्यासारखं फारसं उरत नाही.

धागाकर्ता

सिस्टर, फौजी साहेब, मनापासून आभार. गॉज ठासायचा सराव कशावर करावा? आणि औषधी गॉजचं राहिलं.

प्रतिसाद ३

केळीचा बुंधा घ्या. त्यात तिरकी खोल खाच पाडा आणि मुदत संपलेला गॉज त्यात बोटानं ठासायला लावा. बुंधा ओला आणि बुळबुळीत असतो, हात सरकतो, त्यामुळे खरी अडचण कळते. आमच्या वर्कशॉपमध्ये मी असंच शिकवतो.

औषधी गॉज दोन प्रकारचे जास्त दिसतात. केओलिनवाले (ही एक पांढरी माती), उदाहरणार्थ क्विकक्लॉट, आणि काइटोसनवाले (हे कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून करतात). काइटोसनमध्ये ॲक्सिओस्टॅट हे भारतीय बनावटीचं आहे. दोन्ही चालतात, पण दाबून धरणं त्यातही सुटत नाही, पाकिटावर लिहिलेली मिनिटं पूर्ण दाबावंच लागतं. तुमच्या पैशांत मी साधा गॉज तिप्पट घेईन. सराव न केलेल्या हातात महाग पाकीट वाया जातं.

आता साठ्याचं. माझा अनुभव असा की पेटी मोठ्या जखमेनं कधीच रिकामी होत नाही, ती बँड-एडनं रिकामी होते. म्हणून दोन पेट्या करा. रोजची पेटी उघडी: पट्ट्या, मलम, दुखण्याचा स्प्रे, मुरगळल्यावरचं क्रेप. दुसरी लाल, तिच्या कडीला प्लॅस्टिकचा केबल टाय. टाय हातानं ओढून तुटेल इतका बारीक घ्या, कात्री शोधायची वेळ येऊ नये. टाय तुटलेला दिसला की त्या दिवशीच पेटी भरायची. आत काय आहे ते बघायला रोज उघडावं लागत नाही, टाय बघितला की कळतं. झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवा आणि सगळ्यात लवकर मुदत संपणाऱ्या पाकिटाची तारीख मोठ्या अक्षरात लिहा.

ऊन हा मोठा शत्रू आहे. टूलबॉक्सचा पत्रा एप्रिलमध्ये हात लावू देत नाही. त्यात चिकटपट्टीचा डिंक जातो, रबरी हातमोजे एकमेकांना चिकटतात. हातमोजे नायट्राइलचे घ्या. चिकटपट्टीवर अवलंबून राहूच नका, रक्तानं ओल्या कातडीला ती तशीही धरत नाही, क्रेपचं टोक खोचा किंवा गाठ मारा. पेटी टूलबॉक्सऐवजी सीटच्या मागे कापडी पिशवीत टांगा आणि हंगाम संपला की सगळ्या पेट्या घरात आणा. पावसाळ्यात कागदी पाकिटं ओल धरतात. ओलं झालेलं पाकीट निर्जंतुक राहत नाही. व्हॅक्यूम पाकीट फुगून सैल पडलेलं दिसलं तर आत हवा गेली, ते सरावाला काढा. आणि सरावाच्या सामानावर मार्करनं ‘सराव’ लिहा. आमच्याकडे एकदा वापरलेलं क्रेप पुन्हा पेटीत गेलं होतं, अगदी तुमच्यासारखंच.

खरेदी करताना बिलावर बॅच नंबर आणि मुदत लिहून घ्या. सहा महिन्यांत मुदत संपणारं सामान दुकानदार सवलतीत देतो, ते फक्त सरावासाठी घ्यावं.

धागाकर्ता

सगळ्यांचं वाचून ठरवलं ते लिहितो. प्रत्येक लाल पेटीत १५ सेंमीची दोन नवी क्रेप, १० सेंमीचं एक, सहा गॉज रोल, दोन मोठे गामजी पॅड, नायट्राइल हातमोज्यांचे तीन जोड, कपडा कापायची बोथट टोकाची कात्री आणि मार्कर. इस्रायली बँडेज प्रत्येकी एकच. शिवाय सरावासाठी एक जास्तीचं, म्हणजे सगळ्यांच्या हातात ते एकदा तरी येईल. टूर्निकेट दोन, एक गोठ्यात आणि एक केंद्रावर. औषधी गॉज या वर्षी नाही.

केबल टाय काल आणले. दर महिन्याच्या एक तारखेला दुधाचं बिल वाटतो, त्याच दिवशी पाचही टाय बघायचे असं रजिस्टरमध्ये पहिल्या पानावर लिहून टाकलंय.

ज्या ताईंना लागलं होतं त्यांची टोळी पुन्हा आलीय. मी पेट्यांबद्दल बोललो तर त्यांच्या नवऱ्यानं विचारलं, आमच्या कोपीजवळ ठेवता का एक, मी बघीन तिच्याकडं. त्यांच्या ट्रॅक्टरवरची पेटी त्यांच्याच नावावर केली. रविवारी सराव आहे, केळीचे तीन बुंधे बाजूला काढून ठेवलेत.

एकच राहिलं. मेडिकलमध्ये गामजी मिळतो तो मोठा रोल, निर्जंतुक नसलेला. सुट्या निर्जंतुक पाकिटातले पॅड, १० बाय २० सेंमीचे, सांगली-कोल्हापूरकडे किरकोळीत कुठे मिळतात? कोणाला माहीत असल्यास शनिवारपर्यंत कळवा.