समाजवाद्यांचं आजच्या राजकारणात उरलंय काय? भाचीला काय वाचायला देऊ?

सदाशिवपेठी: मंडळी, भाची राज्यशास्त्र शिकतेय. परवा म्हणाली, "मामा, लोहिया-जेपींचा पक्ष आज कुठे दिसतच नाही, मग त्यांचा प्रभाव कशाला विचारतात?" पुस्तकं सुचवा. ठोकळे नकोत. पुण्यात काही दाखवण्यासारखं असेल तर तेही सांगा.

पर्वती_पायथा: तात्त्विक ग्रंथांवर आधी बसवू नका, पळून जाईल. १९६३ चा लोकसभेतला 'तीन आणे' वाद द्या. फर्रुखाबादची पोटनिवडणूक जिंकून लोहिया नुकतेच सभागृहात आले होते. २७ कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असं त्यांनी मांडलं. नेहरूंचा आकडा पंधरा आण्यांचा. दारिद्र्यरेषेवरची आजची भांडणं त्याच वळणाची असतात.

कट्ट्यावरचा: भाचीचं काही चुकलेलं नाही. प्रसोप (प्रजा सोशलिस्ट पार्टी), संसोप (संयुक्त सोशलिस्ट पार्टी), परत एकत्र, परत फूट. नुसती आद्याक्षरं पाठ करण्यात वर्ष जाईल.

निवृत्त_मास्तर: फुटले हे खरं, पण त्यांचे मुद्दे दुसऱ्यांनी उचलले. 'पिछडा पावे सौ में साठ', म्हणजे मागासांना शंभरात साठ जागा, ही संसोपची घोषणा. १९७९ मध्ये जनता सरकारने मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी मंडल आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष बी. पी. मंडल एके काळी संसोपमध्येच होते. १९९० मध्ये त्याच्या शिफारशींवर ओबीसी आरक्षण जाहीर झालं, त्यानंतर ओबीसींचं गणित न मांडता तिकीट वाटणारा पक्ष दाखवा!
दुसरा वारसा जरा कडू आहे. काँग्रेस हटवायची तर कुणाशीही हातमिळवणी, हे १९६७ मध्ये लोहियांनीच रुळवलं, अगदी जनसंघासकट, म्हणजे आजच्या भाजपच्या पूर्वावतारासकट. पुढे १९७९ मध्ये दुहेरी सदस्यत्वावर (जनता पक्षात असताना संघाचंही सदस्य राहावं का, यावर) जनता पक्ष फुटला, तेव्हा तो प्रश्न लावून धरणाऱ्यांत आपले मधू लिमये होते. माणूस पुण्याचा, निवडून यायचा बिहारमधून. आज असं होईल?

भुसार_बाजार: पुस्तकं राहू द्या, तिला मार्केट यार्डात घेऊन जा. हमालाला एक मालक नसतो, मग फंड कोण भरणार? १९६९ च्या माथाडी कायद्याने तोडगा काढला: व्यापाऱ्याने हमाली आणि वर लेव्ही (फंडासारख्या सोयींसाठीची ठरावीक टक्के रक्कम) माथाडी मंडळाकडे भरायची, मंडळाने हमालाला द्यायची. बाबा आढावांची हमाल पंचायत इथे यासाठीच झगडली. राजस्थानने २०२३ मध्ये डिलिव्हरीवाल्यांसाठी कायदा केला, त्यातही मंडळ आणि कंपन्यांकडून शुल्क असंच आहे. जेवून यायचं तर पंचायतीच्या 'कष्टाची भाकर'मध्ये.

सदाशिवपेठी: हे बेस्ट. डिलिव्हरीवाल्यांचं तिला लगेच कळेल. मराठीत एकच पुस्तक द्यायचं तर?

निवृत्त_मास्तर: एस. एम. जोशींचं 'मी एस. एम.'. १९६७ मध्ये पुण्याने त्यांना लोकसभेत पाठवलं होतं, हेही तिला सांगा. नवी प्रत मिळाली नाही तर अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत विचारा.

कट्ट्यावरचा: आणि आद्याक्षरांचा तक्ता मी करून देतो. कुणी तरी करायलाच हवा.