वेबमेल कधी उघडतं, कधी नाही : तुमचे तपासाचे अनुभव

बातम्यांच्या साइट्स धडाधड उघडतात, मेलचं पान मात्र नुसतं गोल फिरत राहतं आणि दहा मिनिटांनी काहीही न करता उघडतं. या लहरी दुखण्यावर सरसकट एकच औषध सांगितलं जातं : कॅश, म्हणजे ब्राउझरने साठवलेल्या पानांच्या प्रती, उडवा. कधी गुण येतो, पण का आला ते कळत नाही. दुरुस्तीची कामं करणाऱ्यांनी इथे आपल्या टोपणनावाखाली लक्षण, तपासणी आणि कारण लिहावं.

सुरुवातीपुरतं एवढंच. बिघाड चालू असतानाच तीन गोष्टी करून पाहा, एका वेळी एकच. क्रोममध्ये कंट्रोल-शिफ्ट-एन दाबून इन्कॉग्निटोत, म्हणजे जुन्या कुकी न वापरणाऱ्या खासगी खिडकीत, मेल उघडा. मग दुसरा ब्राउझर. मग मोबाइलचा हॉटस्पॉट. इन्कॉग्निटोत चाललं तर दोष कुकीचा (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण) किंवा एक्स्टेन्शनचा (ब्राउझरला वरून जोडलेली सोय). दोन्ही ब्राउझर अडले आणि हॉटस्पॉटवर चाललं, तर राउटर किंवा त्याच्या पलीकडचं काही. हॉटस्पॉटवरही अडलं तर संगणकातच शोधा. पडद्यावरच्या एररचा फोटो काढून ठेवा. 'नेट बंद आहे' एवढ्या निरोपावरून काही निदान होत नाही.

एफ-बारा

इन्कॉग्निटोत चालतं, नेहमीच्या खिडकीत नाही, अशा वेळी एफ १२ दाबून नेटवर्क टॅब उघडा, 'प्रिझर्व्ह लॉग'वर खूण करा आणि पान पुन्हा लोड करा. आता स्टेटसचा रकाना वाचायचा.

'ब्लॉक्ड : अदर' दिसलं तर बहुतेक वेळा ॲड-ब्लॉकर. एक्स्टेन्शन्स एकेक करून बंद करत जा, सगळी एकदम नाही. ३०२च्या, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर पाठवणाऱ्या, ओळी एकाखाली एक येत राहिल्या तर लॉगिनची कुकी बिघडली आहे : मेलची साइट म्हणते आधी लॉगिन करून ये, लॉगिनची साइट म्हणते झालंय, जा. शेवटी ब्राउझरच कंटाळून 'टू मेनी रीडायरेक्ट्स' म्हणतो. ४०० आणि सोबत 'रिक्वेस्ट हेडर ऑर कुकी टू लार्ज' असेल तर कुकीज साचून सर्व्हरच्या मर्यादेबाहेर गेल्या. एन्जिनएक्स या सर्व्हर-सॉफ्टवेअरमध्ये ती मूळ सेटिंगला ८ केबी असते.

कुकीच्या या दोन्ही दुखण्यांना सगळी हिस्टरी पुसायची गरज नाही. ॲप्लिकेशन टॅब, त्यात स्टोरेज, तिथे 'क्लिअर साइट डेटा'. याने त्या साइटचा सर्व्हिस वर्कर, म्हणजे ब्राउझरमध्ये मागे चालणारा तिचा कोड, तोही निघतो. जीमेलचं लॉगिन वेगळ्या पत्त्यावर होतं, अकाउंट्स डॉट गुगल डॉट कॉमवर, म्हणून तिथेही हेच करा. त्याआधी पासवर्ड आणि ओटीपीचा फोन हाताशी ठेवा. जीमेलचं ऑफलाइन चालू असेल तर आउटबॉक्समध्ये अडकलेली पत्रं आधी जाऊ द्या. ती याच साठ्यात असतात, पुसली की गेली.

लाल दिवा

पिंग (समोरचा पत्ता उत्तर देतो का याची चाचणी) व्यवस्थित, साधी पानं व्यवस्थित, मेल अर्धवट येऊन थांबते किंवा अटॅचमेंट चढतच नाही. जोडणी पीपीपीओईची, म्हणजे राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड टाकून चालणारी असेल, तर एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार, तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. इथरनेटचं पाकीट १५०० बाइटचं. त्यातले ८ पीपीपीओई खातं, उरतात १४९२. मोठं पाकीट अडलं की 'लहान करून पाठव' असा आयसीएमपी निरोप परत जायला हवा. वाटेतल्या फायरवॉलने तो निरोप गिळला की पाठवणारा तेच मोठं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो.

कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग, उणे एफ, उणे एल १४६४ आणि १.१.१.१ हा पत्ता द्या. मग १४६४च्या जागी १४७२. आयपी आणि आयसीएमपीच्या हेडरचे मिळून २८ बाइट वर धरायचे असतात, म्हणून हे आकडे. १४६४ला उत्तर, १४७२ला 'नीड्स टू बी फ्रॅगमेंटेड' असं आलं तर निरोप पोचतो आहे. १४७२ला नुसताच टाइम-आउट आला तर निरोप गिळला जातो हा संशय पक्का. राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर एमटीयू १४९२ करा. एमएसएस क्लॅम्पिंगची (पाकिटातला मजकूर आधीच लहान ठेवण्याची) सोय असेल तर तीही चालू करा, आकडा १४५२.

डीएनएसबद्दल, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेबद्दल, थोडकं : राउटरमध्ये दोन डीएनएस पत्ते असतात आणि त्यातला एक मेलेला असला तरी काम रडतखडत चालतं. एनएसलुकअप या कमांडला साइटच्या नावापुढे डीएनएसचा पत्ता देऊन दोघांनाही चार-पाच वेळा वेगवेगळं विचारा.

लॅबमधला

सकाळी मेल उघडत नाही, अकरानंतर उघडते, आणि एररमध्ये 'सर्ट डेट इन्व्हॅलिड'. ब्राउझरला हात लावू नका, घड्याळ बघा. रात्री मेन स्विच बंद होणाऱ्या शाळा-कार्यालयांत हे हमखास होतं. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल उतरला की तारीख काही वर्षं मागे जाते आणि साइटची ओळख पटवणारं प्रमाणपत्र 'अजून लागू झालेलं नाही' असं ब्राउझरला वाटतं. पुढे विंडोजने वेळ जुळवली की सगळं सुरळीत. सेल ३ व्होल्टचा, किमतीने किरकोळ. प्लग काढून बदला, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) तारीख घाला.

विंडोज ७वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. तिथे मेल अडखळते म्हणून कॅश पुसत बसण्यात अर्थ नाही. जीमेलचं साधं एचटीएमएल रूपही २०२४मध्ये बंद झालं, त्यामुळे ती पळवाटही उरली नाही.

सर्व्हरच्या बाजूने

स्वतःच्या डोमेनची मेल असेल तर आणखी एक कारण, जे ब्राउझरमध्ये कितीही शोधलं तरी सापडत नाही. पासवर्ड बदलला, पण कुणाच्या तरी फोनमध्ये जुनाच राहिला. तो फोन दर काही मिनिटांनी चुकीचं लॉगिन करतो. फेल-टू-बॅनसारखी सर्व्हरवरची राखण मूळ सेटिंगला पाच चुकांनंतर तो आयपी १० मिनिटं बंद करते. ऑफिसातल्या सगळ्यांचा बाहेरचा आयपी एकच, म्हणून सगळ्यांचीच मेल बंद. राउटर बंद-चालू केल्यावर 'बरं' वाटतं ते आयपी बदलतो म्हणून. होस्टिंगवाल्याला आयपी आणि नेमकी वेळ कळवून लॉग बघायला सांगा. दोषी खातं त्यात नावानिशी मिळतं.

होस्टिंग सांभाळणाऱ्या सीपॅनेलची वेबमेल २०९६ पोर्टवर (जोडणीच्या क्रमांकित दारावर) असते आणि बऱ्याच ऑफिसांचे फायरवॉल नेहमीच्या सुरक्षित साइट्सचं ४४३ सोडून बाकी पोर्ट अडवतात. डोमेनच्या आधी 'वेबमेल' आणि टिंब लावलेला पत्ता वापरून पाहा, तो बहुधा ४४३वरूनच जातो.

लाल दिवा

फायरवॉलचा विषय निघालाच आहे तर : क्रोम १२४पासून, म्हणजे एप्रिल २०२४पासून, जोडणीचा पहिला संदेश क्वांटम-रोधक (क्वांटम संगणकालाही फोडता येऊ नये अशा) चावीमुळे एका पाकिटात मावत नाही. जुन्या फर्मवेअरचे (उपकरणातल्या मूळ सॉफ्टवेअरचे) काही फायरवॉल असं दोन तुकड्यांत आलेलं पाहून जोडणी तोडतात. 'कनेक्शन रीसेट' येत असेल तर आधी फर्मवेअर अद्ययावत करा.

एफ-बारा

+१. अँटीव्हायरसही मधे बसून अशी जोडणी तोडू शकतो. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हातून प्रमाणपत्र उघडा. जीमेलचं प्रमाणपत्र देणारा 'गुगल ट्रस्ट सर्व्हिसेस' दिसायला हवा. तिथे अँटीव्हायरसचं नाव दिसलं तर त्याचं एचटीटीपीएस स्कॅनिंग तेवढं बंद करून एक दिवस पाहा. अख्खा अँटीव्हायरस काढू नका.