डेव्हिड फेररच्या वाट्याला ग्रँडस्लॅम आले नाही, याचा दोष काळाला द्यावा का?

प्रश्न (बेसलाइनकर): स्पेनच्या डेव्हिड फेरर या टेनिसपटूने 2000 ते 2019 या काळात 27 एकेरी विजेतेपदे मिळवली, जुलै 2013 मध्ये जागतिक क्रमवारीत तिसरे स्थान गाठले आणि 2012 च्या ऑस्ट्रेलियन ओपनपासून 2014 च्या फ्रेंच ओपनपर्यंत सलग 10 ग्रँडस्लॅम स्पर्धांत (टेनिसमधल्या दरवर्षीच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा) किमान उपांत्यपूर्व फेरी गाठली. तरीही त्याच्या नावावर एकही ग्रँडस्लॅम नाही. ‘तो चुकीच्या काळात जन्मला’, म्हणजे फेडरर, नदाल, जोकोविच आणि मरे यांच्याच काळात त्याला खेळावे लागले, असे त्याच्याबद्दल सर्रास म्हटले जाते. हे स्पष्टीकरण जाणकारांना पुरेसे वाटते का?

लाल माती: बऱ्याच अंशी पुरेसे वाटते. फेरर ग्रँडस्लॅमच्या उपांत्य फेरीत सहा वेळा पोहोचला आणि त्यांपैकी पाच वेळा हरला. त्या पाचांत तीनदा समोर जोकोविच होता, एकदा नदाल आणि एकदा मरे. सहाव्या वेळी, म्हणजे 2013 च्या फ्रेंच ओपनमध्ये, त्याने त्सोंगाला तीन सरळ सेटमध्ये हरवले, तेव्हा अंतिम फेरीत नदाल उभाच होता. फेडररविरुद्ध तर तो 17 सामने खेळला आणि सतराही हरला. याउलट 2012 च्या पॅरिस मास्टर्समध्ये नदाल व फेडरर उतरले नव्हते आणि जोकोविच व मरे लवकर बाहेर पडले, तेव्हा फेररने अंतिम फेरीत यानोविचला हरवून कारकिर्दीतले एकमेव मास्टर्स 1000 (ग्रँडस्लॅमखालोखालच्या मोठ्या स्पर्धांची मालिका) विजेतेपद मिळवले. वाट मोकळी झाल्यावर तो ती सोडत नसे, एवढे यावरून नक्की म्हणता येईल.

दुसरी सर्व्हिस: वरील आकडे बरोबर आहेत, पण त्या पराभवांचे गुणफलकही पाहावेत. 2012 च्या फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत नदालविरुद्ध 2-6, 2-6, 1-6, आणि 2013 च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्य फेरीत जोकोविचविरुद्ध नेमका तोच गुणफलक. थोडक्यात हुकलेले हे सामने नव्हेत. फेररची उंची सुमारे 175 सेंटीमीटर, त्यामुळे सर्व्हिसवर फुकटचे गुण त्याला क्वचितच मिळत. सर्व्हिस परतवण्यात तो त्या काळातल्या उत्तम खेळाडूंपैकी होता आणि बॅकहँडच्या बाजूला आलेल्या चेंडूभोवती धावत जाऊन मारलेला फोरहँड हे त्याचे मुख्य शस्त्र होते. पण त्यासाठी प्रत्येक गुणामागे पाय झिजवावे लागत. क्रमवारीत खाली असलेल्या खेळाडूंना तो या चिकाटीने दमवत असे. जोकोविच आणि नदाल मात्र तितकेच धावत, आणि शिवाय त्यांचे फटके अधिक जड होते. काळ वेगळा असता तर त्याला कदाचित एखादे फ्रेंच ओपन मिळालेही असते, पण त्याच्या खेळाची मर्यादा काळाने निर्माण केलेली नव्हती.

खऱ्या अर्थाने हातातून निसटलेला सामना पाहायचा असेल, तर 2013 च्या मायामी स्पर्धेची अंतिम लढत पाहावी. तिसऱ्या सेटमध्ये 6-5 अशा आघाडीवर मॅच पॉइंट, म्हणजे विजयासाठी एकच गुण हवा असताना मरेचा फटका बाहेर गेला असे समजून फेररने खेळ थांबवला आणि दाद मागितली. हॉक-आय या कॅमेरा प्रणालीने चेंडू रेषेला स्पर्शून गेल्याचे दाखवले आणि 6-6 अशा बरोबरीनंतरचा निर्णायक टायब्रेकर मरेने 7-1 असा जिंकला.

लाल माती: मायामीचे उदाहरण मान्य आहे. एक गमतीची गोष्ट मात्र सांगायला हवी. 2013 च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम फेरीत नदालने त्याला 6-3, 6-2, 6-3 असे हरवले आणि दुसऱ्याच दिवशी क्रमवारीत फेरर चौथा तर नदाल पाचवा झाला, कारण क्रमवारीत गेल्या वर्षभराचेच गुण धरतात; आदल्या वर्षीही जिंकलेल्या नदालचे गुण तेवढेच राहिले, तर उपविजेत्या फेररचे वाढले.

संघभावना: या चर्चेत डेव्हिस चषकाचा (देशांच्या संघांमधील टेनिस स्पर्धेचा) उल्लेख नसणे मला खटकते, कारण फेररची कारकीर्द केवळ ग्रँडस्लॅमच्या मापाने मोजली तर तिचा निम्मा भाग दिसतच नाही. स्पेनने 2008, 2009 आणि 2011 मध्ये चषक जिंकला, तेव्हा तो संघात होता. 2009 मध्ये बार्सिलोनातील अंतिम लढतीत चेक प्रजासत्ताकाच्या स्टेपानेकविरुद्ध पहिले दोन सेट 1-6, 2-6 असे गमावल्यानंतर त्याने पाचवा सेट 8-6 असा जिंकला. 2011 मध्ये सेव्हिल येथे त्याने अर्जेंटिनाच्या देल पोत्रोला पाच सेटमध्ये नमवले. 2012 च्या प्राग येथील अंतिम लढतीत नदाल नव्हता; फेररने स्टेपानेक आणि बर्डिच या दोघांनाही हरवले, पण उरलेले तीन सामने गमावल्याने स्पेन 2-3 असा पराभूत झाला. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी कामगिरी हीच, आणि ती पराभवाच्या रकान्यात नोंदली गेल्यामुळे कोणी तिची आठवण काढत नाही.

बेसलाइनकर: सर्वांचे आभार. प्रागच्या लढतीबद्दल मी वाचले नव्हते. ते दोन्ही एकेरी सामने आता आवर्जून पाहीन.