मलबार हिलची टाकी: झाडं वाचवली म्हणजे पाणी तोडलं का?

जलबिंदू
कालच्या पोस्टचा सारांश असा: मलबार हिलच्या श्रीमंतांनी मॉर्निंग वॉकपायी जुनी टाकी पाडून नवी बांधायचं ६९८ कोटींचं काम अडवलं, आता गिरगाव-कुलाब्याचे नळ कोरडे पडणार. वाचून डोकं फिरलं. हँगिंग गार्डनखालची टाकी १८८०च्या दशकातली, साधारण १४.७ कोटी लिटरची, आणि आत कप्पे आहेत. दुरुस्तीला सगळी टाकी एकदम रिकामी करावी लागत नाही. एक कप्पा बंद करा, गाळ उपसा, हातोडीनं ठोकून पोकळ वाजेल तिथलं काँक्रीट फोडा, सळई घासून गंजरोधक लावा, वर पॉलिमर मॉर्टर (रसायन मिसळलेला सिमेंटचा गिलावा), भेगांत ग्राउट (भेग भरायचा पातळ माल). मग भरून पातळीवर काही दिवस नजर ठेवा. तपासणीसाठी नेमलेल्या समितीतले आयआयटीचे प्राध्यापकही दुरुस्ती पुरेशी आहे असंच म्हणाले होते. ३८९ झाडांवर गदा कशासाठी?

गिरगावचा_नळ
‘कप्पा बंद करा’ म्हणायला सोपं आहे. जुन्या व्हॉल्व्हची बैठक झिजलेली असते, खाचेत गाळ बसतो, दार पूर्ण खाली उतरतच नाही. पाणी झिरपत राहतं, आणि वाहत्या ओलीवर मॉर्टर धरत नाही, पापुद्रा सुटतो. दुसरं म्हणजे साठा घटला की पातळी उतरते, दाब पडतो आणि पहिला फटका शेपटाला, म्हणजे लाइनच्या शेवटच्या टोकाला. कुलाबा कुठे आहे बघा. पर्यायी टाकी आधी हवीच.

उतार_बघा
आणि ती खोदणार कुठे? ऑगस्ट २०२० मध्ये याच टेकडीवर खेर मार्गाची कड ढासळली. त्याच उतारावर खोल खड्डा मारायचा?

शेपूट_कुलाबा
टाकी राहू द्या बाजूला. शेपटाला पाणी पोचत नाही ते मधल्या इमारतींच्या पंपांमुळे. नियम असा की लाइनचं पाणी बॉलकॉकमधून (टाकी भरली की आपोआप बंद होणारी तोटी) खालच्या टाकीत, तिथून पंपानं गच्चीवर. इथे पंप थेट लाइनला! लाइनमधला दाब उणे होतो, सुटलेल्या जोडातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं, आणि गढूळ पाण्यासाठी शिव्या मात्र पालिकेला.

गिरगावचा_नळ
म्हणजे चाळकरी चोर, टॉवरवाले साव? पागडीच्या इमारतीत खालची टाकी बांधायला जागा नाही, मालक सही देत नाही. दाब इतका कमी की छातीच्या उंचीचा नळ गळतसुद्धा नाही. पंप हौसेनं लावतात का?

शेपूट_कुलाबा
हौस म्हटलंच नाही. पण एकानं लावला की शेजाऱ्याला लावावाच लागतो. दुसरा एक अश्वशक्तीचा लावला की पहिला दोनचा आणतो. शेवटच्या घरात हवा येते.

जलबिंदू
पंप नसेल तिथे नळाचं तोंड खाली घेऊन खड्ड्यात सोडतात. पावसात खड्डा तुंबतो, तोटी बुडते, पाणी गेलं की तीच घाण उलटी पाइपात. बिनविजेचा पंपच तो.

गिरगावचा_नळ
खड्ड्यांवर प्रवचन देणाऱ्यांना विचारतो: हीच ३८९ झाडं गिरगावात असती तर समिती नेमली असती का? टेकडीवर वर्षा, सह्याद्री, राजभवन (आताचं लोकभवन), आजूबाजूला कॉन्सुलेट. म्हणून प्राध्यापक टाकीत उतरले. त्याच टेकडीवरच्या झाडीत आता ४८५ मीटरचा लाकडी मार्ग आहे, आधी वेळ बुक करा, २५ रुपये भरा. झाडं सार्वजनिक म्हणे.

जलबिंदू
समितीचा टोमणा बरोबर आहे, घ्या मान्य. व्हॉल्व्हचंही मान्य. तेव्हा आधी व्हॉल्व्ह बदला, त्याच्यामागे आंधळी फ्लँज (पाइपाचं तोंड बंद करणारी भरीव चकती) टाकून कप्पा खरंच कोरडा करा, मग हातोडी. पण यासाठी ६९८ कोटी लागत नाहीत, एवढं तरी तुम्ही माना.

गिरगावचा_नळ
मानतो. तुमच्या कप्प्याला गळती लागली की पुन्हा मानेन.

शेपूट_कुलाबा
पंपांवर उपाय एकच, पाण्याच्या वेळेत त्या भागाची वीज बंद. काही शहरांत करतात.

उतार_बघा
करा की. सुरुवात टेकडीपासून करा.